कुलप्रमुखाचं छप्पर

एडिंबरच्या कुळनोंदणी कचेरीतून पत्र आलं तेव्हा ड्रमलोशच्या स्वयंपाकघरात पाच बादल्या मांडलेल्या होत्या आणि ग्रिझेल सहावीसाठी जागा शोधत होती. जेवणाची खोली गेली अकरा वर्षं हेक्टरच्या वंशावळीने अडवली होती. तिथल्या लांबलचक टेबलावर सतरा पिढ्या अंथरलेल्या, वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ओढ्यातले गोटे ठेवलेले. घरात गळत नसलेली ती एकच खोली. मेलेले मॅकव्हेरिक कोरड्यात राहत आणि उरलेले दोन जिवंत बादल्यांच्या मधून वाट काढत स्वयंपाकघरात जेवत.

"मान्य केली!" हेक्टर ओरडला. लापशीचा चमचा त्याच्या हातात तसाच राहिला. "ग्रिझेल, सगळीच्या सगळी मान्य केली! सतराही पिढ्या! मॅकव्हेरिक कुळाचा प्रमुख मी!"

"पाय उचल जरा. इथे पडतंय," ग्रिझेल म्हणाली.

हेक्टर बहात्तर वर्षांचा, ग्रिझेल त्याच्याहून चार वर्षांनी धाकटी. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. हेक्टरला सवड झाली नाही, आणि ग्रिझेलला कुणी विचारलं तेव्हा वडील अंथरुणाला खिळलेले होते. ते पुढे नऊ वर्षं तसेच होते. आमच्या खोऱ्यात अशी भावंडं घरोघर सापडतात, त्यामुळे कुणाला त्याचं विशेष वाटत नसे.

पत्राच्या दुसऱ्या पानावर मात्र एक काटा होता. कुळाच्या प्रमुखाने कुळाचं आडनाव एकट्यानं लावायचं, त्याला शेपूट चालणार नाही, असा नियम आहे. हेक्टरचं पूर्ण आडनाव होतं मॅकव्हेरिक-टुलिस. महिन्याभरात हे टुलिस कायदेशीररीत्या गळलं नाही, तर दुसऱ्या अर्जदाराचा विचार होणार होता. हा दुसरा अर्जदार म्हणजे कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात दात उपटणारा कुणी ड्वेन मॅकव्हेरिक. त्याचं आडनाव जन्मापासून सुटसुटीत होतं.

"एवढंच ना?" हेक्टर खुशीत म्हणाला. "अगं, हे टुलिस मला शाळेपासून नकोय. वर्गात 'लोकर' म्हणायचे मला. 'लोकर, फळा पूस.' 'लोकर, तुझ्या आजोबांच्या गिरणीत मेंढ्या रडतात का रे?' बाबांना तर शेजारचे जमीनदार मेजवानीला बोलावून टेबलाच्या पार टोकाला बसवायचे. ते टोक मी पाहिलंय ग्रिझेल. बाबा तिथे बसून हसत असायचे."

हे सांगताना त्याने लापशीचा चमचा खाली ठेवला. माणूस गर्विष्ठ खरा, पण त्याचं हे दुखणं खोटं नव्हतं.

"हेक्टर, आईच्या वडिलांनी, टुलिसांनी, हे घर दिलं ना, तेव्हा त्या कागदात..."

"मध्ये बोलू नकोस. मी विचार करतोय."

ग्रिझेलने सहावी बादली जिन्याखाली ठेवली.

दुपारी ती पुन्हा आली. या वेळी तिच्या हातात आजोबांच्या इच्छापत्राची नक्कल होती. आजारपणात वडिलांना बायबलपेक्षा ते इच्छापत्र वाचून घ्यायला आवडे, कारण त्यात शिव्या घालायला माणूस होता. ग्रिझेलला ते तोंडपाठ झालं होतं. हेक्टर वंशावळीच्या टेबलापाशी उभा राहून खोल्या मोजत होता.

"बरी आलीस. ऐक. प्रमुख म्हटल्यावर हे घर आता कुळाचं झालं. कॅनडातून, ऑस्ट्रेलियातून माणसं येतील, त्यांची सोय नको? वरच्या सगळ्या खोल्या पाहुण्यांना. तुझ्या खोलीत ढाली-तलवारी मांडायच्या, उजेड बरा आहे तिथे. तू फाटकापाशी दरवानाच्या घरात जा."

"तिथे न्हाणीघर नाही, हेक्टर."

"ओढा आहे की जवळ."

"भिंतींना बुरशी आहे. दरवान न्यूमोनियाने गेला."

"म्हातारा होता तो! आणि तुला एकटीला लागतं किती? बरं, ते हातात काय आहे?"

ग्रिझेलने हातातला कागद पाहिला. "इच्छापत्र. आजोबांचं. यात एक अट..."

"त्या लोकरवाल्याचं नाव आजच्या दिवशी काढू नकोस!" हेक्टर म्हणाला आणि पुन्हा खोल्या मोजू लागला.

ती वर आपल्या खोलीत जाऊन बसली. ती जन्मली ती याच खोलीत. खिडकीतून तळं दिसे, धुकं नसेल तेव्हा. तिला रडू आलं नाही, राग आला. अडुसष्ट वर्षांत इतका राग पहिल्यांदाच आल्यामुळे तो नेमका कसा करायचा असतो हे तिला कळेना. शेवटी तिने खिडकीची काच पुसून काढली.

मंगळवारी सकाळी हेक्टरने तिला हाक मारली. "ग्रिझेल, प्रतिज्ञापत्र टाइप करायचंय. 'मी, हेक्टर, आजपासून टुलिस या नावाचा त्याग करतो' वगैरे. पाद्री आणि पोस्टातल्या बाई साक्षीला येतायत अकरा वाजता."

"वकिलांना विचारलंस?"

"लम्सडेनला? तो सल्ला देतो. मला सल्ला नकोय, साक्षीदार हवेत. का, तुला काही म्हणायचंय?"

उभ्या आयुष्यात हेक्टरने तिला हा प्रश्न विचारल्याचं तिला आठवत नव्हतं. ग्रिझेल टाइपरायटरपुढे बसली होती. तिला म्हणायचं होतं ते एका वाक्याचं होतं. तिने ओठ उघडलेही. मग तिला दरवानाच्या घरातली बुरशी आठवली.

"नाही," ती म्हणाली. "टुलिसमधला लि ऱ्हस्व की दीर्घ, एवढं सांग. म्हणजे शेवटचं नीट लिहिते."

"कसंही लिही, जातोच आहे तो!"

तिने एकही चूक न करता टाइप केलं. अकरा वाजता सही झाली. पाद्र्याने अभिनंदन केलं आणि छत्री उघडून स्वयंपाकघरातच जरा वेळ उभा राहिला.

त्यानंतरचे दिवस धामधुमीत गेले. ऑगस्टातल्या दुसऱ्या शनिवारी कुळाचा मेळावा ठरला. प्रमुखाच्या टोपीत गरुडाची तीन पिसं लागतात. हेक्टर दोन दिवस डोंगरावर फिरला, पण गरुडाने एकही पीस टाकलं नाही. हेक्टर चिलटं चावून लाल झाला, तेवढाच त्याला कुलाभिमानाचा रंग चढला. शेवटी ग्रिझेलने हंसिणीची तीन पिसं कडक चहात उकळून दिली. लांबून ती गरुडाची वाटत. एडिंबरहून मोहोरबंद कागद आला. हेक्टरने तो वंशावळीच्या अगदी वर ठेवला आणि त्याच्यावर सर्वांत मोठा गोटा.

मेळाव्याच्या सकाळी, पाहुण्यांची बस यायला तासभर असताना, इन्व्हरनेसहून वकील लम्सडेन आले. काळा कोट, काळी छत्री. चांगली बातमी ते टपालाने पाठवत. वाईट बातमी द्यायला मात्र जातीने येत, कारण त्यांना ते कर्तव्य वाटे.

"अभिनंदन, साहेब," ते खिन्नपणे म्हणाले. "पेपरात वाचलं. आडनाव टाकलंत म्हणे. कधी?"

"गेल्या महिन्यात, मंगळवारी. अकरा वाजता."

"मग अकरा वाजून एक मिनिटापासून तुम्ही इथे पाहुणे आहात."

हेक्टर हसला. लम्सडेन हसले नाहीत. ते कधीच हसत नसत, म्हणून हेक्टरला बराच वेळ काही कळलं नाही.

"तुमच्या आजोबा टुलिसांनी हे घर विकत घेऊन लेकीला आणि जावयाला दिलं, ते एका अटीवर," लम्सडेन सांगू लागले. "घराच्या मालकाने टुलिस नाव लावलंच पाहिजे. ज्या क्षणी तो नाव टाकेल, त्या क्षणी घर नाव लावणाऱ्या पुढच्या वारसाकडे जाईल. असा वारस एकच उरलाय." त्यांनी टोपी काढली. "ग्रिझेलबाई, घर तुमचं झालं. छपराची स्थिती पाहता याला अभिनंदन म्हणावं की नाही, मला सांगता येत नाही."

ग्रिझेल सँडविच कापत होती. तिने सुरी खाली ठेवली.

"मी नाव परत घेतो!" हेक्टर म्हणाला. "आत्ताच्या आत्ता!"

"घ्या. प्रमुखपद कॅनडातल्या दातांच्या डॉक्टरकडे जाईल. आणि घर काही परत येणार नाही. तुमचे आजोबा व्यापारी होते, साहेब. एकदा गेलेला माल ते परत घेत नसत."

हेक्टर बादलीच्या काठावर बसला. मग बादली भरलेली असल्याचं लक्षात आल्यावर उठला. अंगावरचा किल्ट, तो चौकटींचा घागरा, मागून ओला झाला होता. "ग्रिझेल," तो म्हणाला, "तुला माहीत होतं?"

"दोनदा सांगायला आले होते."

"आणि तिसऱ्यांदा मी विचारलं तेव्हा?"

"तेव्हा नाही सांगितलं," ग्रिझेल म्हणाली. तिने मान खाली घातली नाही.

तेवढ्यात बाहेर बस येऊन थांबली.

पाऊस लागलेलाच होता. अकरा मॅकव्हेरिक छत्र्यांखालून उतरले. सगळ्यांत पुढे ड्वेन, साठीचा, भला दांडगा, अंगावर नवाकोरा किल्ट. आणि इथे हेक्टरपुढचा खरा पेच सुरू झाला. मॅकव्हेरिकांची रीत अशी की, प्रमुखाने उंबऱ्यात उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाला दोन कानांच्या पेल्यातून व्हिस्की द्यायची आणि म्हणायचं, "हे छप्पर तुझं छप्पर." येणाऱ्याने घोट घेऊन उत्तर द्यायचं, "माझे हात तुझे हात." हेक्टरने हे वाक्य अकरा वर्षं आरशापुढे घोकलं होतं. पेला भरलेला होता. फक्त छप्पर त्याचं नव्हतं.

"म्हणून टाक ना," ग्रिझेल दारातून पुटपुटली. "कुणाला कळतंय?"

"प्रमुख उंबऱ्यात खोटं बोलत नाही," हेक्टर म्हणाला. एवढं खरं की, त्याच्या डोक्यात कितीही हवा असली तरी त्या माणसाला खोटं बोलता येत नसे. त्याने पेला तिच्या हातात दिला आणि उंबऱ्यावरून खाली, पावसात उतरला. चहाचा रंग पिसांवरून त्याच्या कपाळावर ओघळू लागला.

ग्रिझेल उंबऱ्यात उभी राहिली. अंगावर पीठ लागलेला एप्रन होता, तो सोडायला वेळ नव्हता. ड्वेन समोर आला.

"हे छप्पर तुझं छप्पर," ती म्हणाली.

ड्वेनने पेला घेतला, पण प्यायला नाही. "बाई, राग मानू नका. माझ्या खापरपणजोबांचं छप्पर याच खोऱ्यात होतं. तुमच्या पणजोबांनी मेंढ्यांना कुरण हवं म्हणून ते पेटवून दिलं. आतली म्हातारी बाहेर आली होती की नाही, हेसुद्धा बघितलं नाही म्हणतात. आमच्याकडे जेवायला बसलो की ही गोष्ट निघायची."

वंशावळीच्या सतरा पिढ्यांत हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. हेक्टर पावसात खाली बघत उभा राहिला.

"माहीत आहे," ग्रिझेल म्हणाली. "आमच्याकडे निघायची नाही, पण माहीत आहे. हे छप्पर पेटायचं नाही, डॉक्टर. गेली वीस वर्षं ते सुकलेलं नाही. आत बादल्या आहेत, जपून या."

ड्वेनने मान वर करून छपराकडे एकदा बघितलं. मग त्याने मोठा घोट घेतला. "माझे हात तुझे हात," तो म्हणाला, आणि आत गेला. त्याच्यामागून बाकीचे एकेक करून गेले. टोरांटोच्या एका आजीबाईंनी तर तिच्यापुढे गुडघा वाकवला. हीच कुळाची प्रमुख, असं त्यांना वाटलं होतं. त्यांची चूक कुणी दुरुस्त केली नाही.

अंगणात हेक्टर एकटा उरला. आत जावं की नाही, हे त्याला कळेना. तो रांगेत शेवटी उभा असल्यासारखा उभा होता, आणि पुढे कुणी नव्हतं.

"तू येतोस ना?" ग्रिझेलने विचारलं.

तो दोन पायऱ्या चढला. बहात्तर वर्षं तो या दारातून बूट न पुसता आत जात आला होता. आज तो उंबऱ्यापाशी थांबला.

"मी दरवानाच्या घरात..." तो म्हणाला.

"तिथे बुरशी आहे," ग्रिझेल म्हणाली, आणि दोन्ही हातांनी पेला पुढे केला. "हेक्टर, हे छप्पर तुझं छप्पर."

त्याने पेला घेतला. तळाशी एक घोट उरला होता, त्यातही पावसाचं पाणी. मेजवानीच्या टेबलाच्या टोकाला हसत बसणारे वडील त्याच्या डोळ्यांपुढे आले असावेत.

"माझे हात..." तो पुटपुटला.

"ऐकू नाही आलं."

"माझे हात तुझे हात!"

"बरं झालं," ग्रिझेल म्हणाली. पेला तिने त्याच्याकडून घेतला, मागे वळून सँडविचचं ताट उचललं आणि त्या हातांत ठेवलं. "मग हे घेऊन जा. दातांच्या डॉक्टरांना आधी दे. आणि ताट सरळ धर."

मॅकव्हेरिक कुळाचा प्रमुख, तीन पिसांसह, ताट धरून आत गेला. त्याने आयुष्यात पहिल्यांदाच ताट धरलं होतं, आणि ते वाकडं धरलं होतं. ग्रिझेलने दार लावलं आणि त्याच्या मागोमाग जाऊन एका हाताने ताटाची दुसरी बाजू धरली.