सायमनदादाची राहिलेली वरात

समोरचं पब्लिक नाचायला लागलं की गाणं बंद करणारा गायक जगात एकच असेल, नि तो आमच्या बँडचा आहे. सायमन भिंगारदिवे.

खोटं वाटत असेल तर केडगावात कुणालाही विचारा. गणपतीत एका मंडळानं आम्हाला बोलावलं होतं. दुसऱ्याच गाण्याला पुढच्या दोन पोरांनी तोंडात रुमाल धरून नागीण सुरू केली. दादानं गिटारीची वायर उपटली, माइक हातात घेतला नि विचारलं, "वरात हाय का ही?" पोरं गार. "गानं कानानं ऐकायचं असतंय. त्यात कंबरेचं काय काम?" अध्यक्षांनी आम्हाला नारळ दिला. तो सत्काराचा होता की निरोपाचा, हे आम्हाला अजून कळलेलं नाही.

दादा नागापूरच्या एमआयडीसीत लेथवर असतो. मी शाळामास्तर, बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. ड्रमवर बाळू शेळके, त्याचं चौकात मोबाईलचं दुकान आहे. सराव दादाच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, म्हणून बँडचं नावच 'पत्रा'. उन्हाळ्यात आत अंगाची लाही होते, पण दादाच्या अंगात काळा टी-शर्टच. "रॉक हाय हे. सदरा घालून व्हत न्हाई."

आणि तालावर पाय हलवायचीसुद्धा बंदी! हा स्वतः गाताना विजेच्या खांबासारखा उभा. बरं, हे वेड आजचं नाही. चर्चमधून लग्न लावून बाहेर पडल्यावर रूथवहिनींनी त्याचा हात ओढला होता, "दोन पावलं नाचा की!" त्यावर हा सवयीनं म्हणाला, "वरात हाय का ही?"

"मग काय मोर्चा हाय?" नव्या नवरीनं तिथंच सुनावलं. सगळं वऱ्हाड हसून बेजार. वहिनी घरापर्यंत एकट्याच नाचत आल्या नि नवरदेव शेजारून मुकाट चालत.

अशा माणसानं गेल्या वर्षी एकदम जाहीर केलं, "पुढचा अल्बम नाचाच्या गान्यांचा." बाळूनं त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

अल्बम झाला. नाव 'नाचा आता'. सगळी गाणी एकाच ठेक्यावर, एकाच वेगात, आणि वेगही बेताचा. झालं, गावात दोन तट पडले. जुने रॉकवाले म्हणाले, दादानं लाज सोडली, आता हळदीत वाजवा म्हणावं. हळदीवाले म्हणाले, हे नाचायचं गाणं आहे की जेवण झाल्यावर शतपावली घालायचं? आमच्या शाळेतल्या शिपाईमावशी तेवढ्या खूश. झाडताना तेच लावतात. "सर, अंग आपसूक हलतंय बघा." मला विचाराल तर गाणी फर्मास होती. माझा बेस त्यात पहिल्यांदाच ऐकू येतो, हेही एक कारण असेल.

पण बाळू पेटला. हळदीच्या सुपाऱ्या दारात येऊन परत जात होत्या, अट एकच, वेग वाढवा. दादा म्हणायचा, "मीठ टाक, मिरची टाक, पन स्पीडला हात लावायचा न्हाई." शेवटी बाळू म्हणाला, "रविवारपर्यंत ठरवा. न्हाईतर मी ड्रम घेऊन चाललो." इतक्या वर्षांचा बँड मोडायला आला. आणि ह्याच दिवसांत दादानं काय करावं? घरातले सगळे उंबरे फोडून काढले! गल्लीला आयताच विषय मिळाला. "शिंगनापुरात घरांना दारं नसत्यात, ह्याच्याकडं उंबरे न्हाईत. डोकं कामातनं गेलं." वहिनीही बऱ्याच दिवसांत कुठं दिसल्या नव्हत्या, चर्चमध्येसुद्धा. विचारलं की दादा म्हणायचा, "गुडघा दुखतोय तिचा."

रविवारी दुपारी मी शेवटचं विचारायला गेलो. भांडायच्या तयारीनंच गेलो. दार उघडं होतं नि आत आमचाच अल्बम चालू होता.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. एक हात थरथरत होता, पाय जमिनीला चिकटल्यासारखे. दादा त्यांच्याकडं तोंड करून, दोन्ही हात धरून उभा. "ठेका ऐक, रूथ. हां. आता टाक." वहिनींनी पाऊल उचललं. मग दुसरं. बरोब्बर ठेक्यावर. उंबरा होता तिथून त्या बाहेर आल्या. दादा त्यांच्यापुढं उलटा चालत होता.

दादानं मला पाहिलं, पण हात सोडले नाहीत.

"कंपवात हाय तिला. दारापाशी आली की पाय अडकत्यात. डॉक्टर म्हनले, ठेका ऐकवा, पाय सुटतील. लई गानी लावून बघितली. कुठलं पळवतंय, कुठलं रखडतंय. म्हनलं, आपनच करू."

"अरे मग बाळूला सांगायचं ना!" मी चिडलोच. "बँड मोडायला निघाला होता तुझा!"

"मीच नको म्हनले," वहिनी बोलल्या. "कळलं की लोक कीव करत बसतील, भाऊजी. मग गान्यावर नाचनार कोन?" जरा थांबून म्हणाल्या, "पन बाळूभाऊजींना बोलवा आता. बँड ऱ्हायला पायजे."

मी तिथूनच बाळूला फोन लावला. "लगेच दादाकडं ये. नि आल्यावर स्पीडचं नाव काढशील तर माझ्याशी गाठ आहे."

तोवर दुसरं गाणं लागलं होतं, त्याच वेगात. माझं लक्ष दादाकडं गेलं. उलटं चालता चालता त्याचे खांदे हलत होते. कंबरसुद्धा! सायमन भिंगारदिवे चक्क नाचत होता, नि बरा नाचत होता.

वहिनी ओसरीपर्यंत पोचल्या. दम लागला होता, पण डोळे हसत होते. नवऱ्याच्या कंबरेकडं बघत त्यांनी विचारलं, "काय हो, वरात हाय का ही?"

"व्हय," दादा त्यांचे हात घट्ट धरून म्हणाला. "तवाची ऱ्हायली हुती."