बत्तीस तासांचे गुरुजी

खिचडीला फोडणी पडली आणि त्याच क्षणी खंडेराव पगार गुरुजींच्या फोनवर लिंक पडली. "अत्यंत तातडीचे. बारा वाजेपर्यंत भरणे. न भरल्यास जबाबदारी आपली." शिक्षकांच्या ग्रुपवर येणारी प्रत्येक गोष्ट अत्यंत तातडीची असते. सवडीने येते ती फक्त बढती.

"गुरुजी, गॅस संपला," खिचडी शिजवणाऱ्या चांगुणाबाई शेगडीजवळून ओरडल्या. "पोरं ताटं घेऊन बसलीत."

"चूल पेटवा बाई. मी जरा जगाची माहिती भरतो."

माहिती खरंच जगाची होती. कुठल्याशा परदेशी संस्थेला निरनिराळ्या देशांतले शिक्षक किती राबतात आणि कितव्या वर्षी वर चढतात, याची तुलना करायची होती. आपल्याकडचा नमुना म्हणून पेठ तालुक्यातल्या या पाड्यावरच्या शाळेचा नंबर लागला होता. पहिलाच प्रश्न होता, 'आपण दररोज किती तास अध्यापन करता?' आता शाळेत तास म्हणजे या घंटेपासून त्या घंटेपर्यंत. पहिला तास मराठीचा, दुसरा गणिताचा, असे दिवसाला आठ. वर्ग चार आणि गुरुजी एक, कारण दुसरे गुरुजी, हर्षल सर, पंचायत समितीत संगणकाच्या 'कामगिरीवर' गेले होते ते तिकडचेच झाले होते. आठ चोक बत्तीस. खंडेरावांनी एका हाताने पातेल्यावर झाकण ठेवलं आणि दुसऱ्या हाताने बत्तीस टाकून दिले. पाढा बरोबर होता, त्याबद्दल पुढेही कुणी तक्रार केली नाही.

दुसरा प्रश्न बढतीचा होता. तिथे त्यांनी 'वाट पाहत आहे' असं लिहिलं, आणि ते अगदी खरं होतं. नाशिकरोडजवळ केंद्रप्रमुखाची, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्याची, जागा रिकामी झाली होती आणि बढतीच्या यादीत त्यांचं नाव पहिलं होतं. तिथून एकलहरे हाकेच्या अंतरावर. एकलहऱ्याला बायको छाया आणि चौथीतली दीपमाला. शाळेच्या गावीच राहायची सक्ती असल्यामुळे पाड्यावरच्या चौथीला शिकवणारा हा माणूस स्वतःच्या चौथीला फक्त रविवारी भेटत असे. त्यांना हुद्दा नको होता. रोज घरी जेवायला मिळावं, एवढंच हवं होतं.

महिन्याच्या शिक्षण परिषदेत विस्तार अधिकारी साहेबांनी भिंतीवर आलेख दाखवला. फिनलंडची पट्टी बोटभर होती, जपानची वीतभर. पेठची पट्टी पडदा सोडून वरच्या पंख्याला जाऊन लागली.

"पगार, दिवसात तास किती असतात?"

"आठ, साहेब."

"दिवसात आठ?"

"शनिवारी पाच."

सगळं सभागृह हसलं. साहेब हसले नाहीत. "जगापुढे तालुक्याचं नाक कापलंत तुम्ही. उद्या लेखी खुलासा आणा. खुलासा समाधानकारक नसला की यादीतनं नाव जातं, ठाऊक आहे ना?"

खंडेराव घाबरले, आणि घाबरलेला माणूस करतो तेच त्यांनी केलं. सगळं खरं लिहिलं. हजेरी ॲपवर, खिचडीचा फोटो, खिचडीआधी हात धुतल्याचा फोटो, मतदार याद्या, शौचालयांची पाहणी, गावातल्या न शिकलेल्या म्हाताऱ्यांची मोजणी. हे सगळं वजा जाता शिकवायला घड्याळाचा पाऊण तास उरत होता, तोही फोनला रेंज नसेल त्या दिवशी.

साहेबांनी कागद वाचला आणि चष्मा काढला. "हे खरं आहे?"

"शंभर टक्के, साहेब."

"मग कशाला लिहिलंत? बत्तीस म्हणजे तुम्ही खोटारडे, पाऊण म्हणजे कामचुकार. कसंही निलंबनच."

"मग किती लिहू?"

कोपऱ्यातला मुरलेला लिपिक मान वर न करता म्हणाला, "सरासरी काढा ना, साहेब."

सरासरी सोळाच्या थोडी वर आली. वरचं साहेबांनी सोडून दिलं. म्हणाले, "उगाच अतिशयोक्ती नको."

सोळा तास जिल्ह्याला गेले, तिथून परदेशात गेले आणि परत आले ते अभिनंदन घेऊन. तुलना केलेल्या सगळ्या देशांत इतकं शिकवणारा दुसरा शिक्षक सापडला नव्हता. गुरुजींना शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि फोटोत साहेब त्यांच्याही पुढे उभे राहिले. मग यादी लागली. यादीत खंडेरावांचं नाव नव्हतं.

"साहेब, नाशिकरोडचं केंद्र?"

"ते हर्षल सरांना दिलं, तात्पुरतं. त्यांना ऑफिसचा अनुभव दांडगा. अहो पगार, सोळा तास शिकवणारा माणूस दुर्गम भागातून हलवला, तर मी वर काय तोंड दाखवू? उलट तुमच्यासाठी खास आदेश आणलाय."

आदेशानुसार खंडेराव आता शेजारच्या दोन पाड्यांवरच्या शाळांचेही प्रभारी मुख्याध्यापक होते. वेतनात बदल नाही. चोवीसमधून सोळा वजा जाता त्यांच्याकडे रोज आठ तास शिल्लक राहतात, असंही खाली नमूद केलं होतं.

खंडेरावांनी एकलहऱ्याला फोन लावला.

"सामान कधी आणताय?" छायाने पहिलंच विचारलं. "कपाटाचा मधला खण रिकामा केलाय तुमच्यासाठी. दीपूनेच पुसून ठेवलाय."

त्यांनी अडखळत आदेश वाचून दाखवला. तिकडून दीपमालाचा आवाज आला, "आई, प्रभारी म्हणजे काय गं?"

"दुसऱ्याची जागा रिकामी असते ना, ती आपण सांभाळायची. त्याचे पैसे मिळत नाहीत. आणि खरा माणूस कधी येणार, ते विचारायचं नाही." मग छाया फोनमध्ये म्हणाली, "म्हणजे हो, मीही इथं तुमचीच प्रभारी की. तुम्हाला निदान आदेश तरी मिळाला."

खंडेरावांनी आदेशाची घडी घालून खिशात ठेवली. तिकडे दीपमाला विचारत होती, "आई, मग तो खण मी माझ्या वह्यांना घेऊ?"