कस्तुरीचा हिरवा चौकोन

कामाची समान वाटणी हा कोणत्याही सुसंस्कृत कचेरीचा पाया होय. व्हाइटफील्डमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत हा पाया इतका खोल खणला होता, की अधूनमधून त्यात एखादं माणूस पडत असे. या खेपेला निपाणीची कस्तुरी पडली.

प्रकल्पाची मुदत सोमवार सकाळ. ती म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आणि आदल्या शनिवारी निपाणीत कस्तुरीच्या भाचीचं बारसं. ती एकुलती एक आत्या. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान तिचा, आणि लगेच बायका पाठीत घालतात ते धपाटेही तिचेच. शुक्रवारच्या बसचं तिकीट काढून ती मान मोडून कामाला लागली आणि गुरुवारी दुपारीच आपला वाटा संपवून मोकळी झाली.

आता टीमचे प्रमुख यशोवर्धन (मूळचे पुण्याचे, म्हणजे पद्धतशीर) यांनी एक तक्ता केला होता. भार फार असेल तर आपला चौकोन लाल करायचा, बेताचा असेल तर पिवळा, हात रिकामे असतील तर हिरवा. नऊ महिन्यांत सात जणांपैकी कुणाचाही चौकोन हिरवा झाला नव्हता. (नागपूरच्या देवव्रतचा तर रुजू झाल्या दिवसापासून लाल. स्वतःच्या लग्नाला तीन आठवडे गेला, तेव्हाही लालच.) कस्तुरीला खरं सांगायची वाईट खोड होती. तिनं चौकोन हिरवा केला.

अकराव्या मिनिटाला बैठक बसली. सहा लाल, एक हिरवा, ही विषमता पाहून सगळे हळहळले. न्याय म्हणून देवव्रतचं निम्मं काम, रम्याचं पाऊण काम आणि समतोलाचा अहवाल (हे काम कुणाचंच नव्हतं) कस्तुरीकडे आलं.

“सर, शनिवारी भाचीचं बारसं आहे. मी आत्या आहे हो!”

“अगं, काँग्रॅट्स! नाव सांगायला एफर्ट किती?”

“पाच मिनिटं.”

“मग फोनवरून होईल की! मी तुझं कॅलेंडर ब्लॉक करतो. दहा मिनिटं घे, स्वल्प बफर असू दे.”

“मी केलं असतं गं तुझं काम,” देवव्रत कळवळून म्हणाला, “पण मी लालमध्ये आहो ना.”

शनिवारी दादानं पाळण्यात फोन धरला. कस्तुरीनं ऑफिसच्या जिन्यात उभं राहून “कुर्रर्र... चार्वी” म्हटलं. बाळ दचकून रडलं. कस्तुरीही रडली. तिला फार वाईट वाटलं, आणि कॅलेंडरमध्ये अजून चार मिनिटं शिल्लक होती. धपाटे फोन धरणाऱ्या दादानं खाल्ले. भार दुसऱ्याकडे वळवल्याचं उत्तम उदाहरण म्हणून यशोवर्धननी ते अहवालात घालायला सांगितलं.

सोमवारी काम वेळेवर गेलं. नऊ महिने अखंड भार सोसल्याबद्दल देवव्रतचा सत्कार झाला. टाळ्या थांबायच्या आत कस्तुरीनं आपला चौकोन लाल केला आणि अहवालाची शेवटची ओळ लिहिली:

‘हा मजकूर ज्यांना सवडीनं इथवर वाचता आला, त्यांचा चौकोन हिरवा समजण्यात येत असून, पुढच्या मुदतीचं देवव्रतचं काम त्यांच्या नावे लावलं आहे.’