केळशीच्या गाडीत धरलेली जागा

वाटूर फाट्यावर एकही गाडी सुरू होत नाही आणि एकही संपत नाही. ज्या येतात त्या जालन्याहून नाहीतर मंठ्याकडून तुडुंब भरून येतात, थांबल्यासारखं करतात आणि निघून जातात. अशा फाट्यावर ज्याची उभी हयात गेली, त्याच्या अंगात जागा धरण्याची कला आपोआप मुरते. धर्मराजच्या अंगात ती जरा जास्तच मुरली होती. गाडी वळणावर दिसली की तो पळत सुटायचा, आणि ती पुरती थांबायच्या आत त्याचा खांद्यावरचा गमजा खिडकीतून सीटवर जाऊन पडलेला असायचा. "आधी जागा, मंग पाटी," असं तो नव्या पोरांना शिकवायचा. गाडी कुठं चालली ते बसल्यावर विचारता येतं. उभ्या राहिलेल्या माणसाला ते कळून तरी काय उपयोग?

या धर्मराजच्या जिवाला वर्षभर एक गोष्ट लागून राहिली होती. त्याच्या लेकीनं, तृप्तीनं, जुन्या जालन्यातल्या अवधूतशी आपलं आपणच लग्न ठरवलं. मुलगा गुणाचा होता, सासूही मायाळू होती. प्रश्न होता तो व्याह्यांचा. नरहरराव सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, इस्त्रीच्या कपड्यातले, मोजकं बोलणारे गृहस्थ. लग्नाच्या पंगतीत दोन घास वरणभात खाऊन ते उठले ते उठलेच. त्यानंतर वाटूरच्या घराचा उंबरा त्यांनी ओलांडला नव्हता. पोळ्याला बोलावलं तर त्यांचं बीपी वाढलं. संक्रांतीला बोलावलं तर कंबर धरली. हुरड्याचं आवतण द्यायला फोन केला, तेव्हा पलीकडून नुसता खोकलाच ऐकू आला.

"आपण पडलो शेतकरी मानसं," धर्मराज बायकोला म्हणायचा. "आपल्या घरचं अन्न त्यायला हलकं वाटून राह्यलं. फाट्यावर लोक इचारतेत, इवाई आल्ते का म्हून. काय सांगावं?"

"पोरगी सुखात हाय ना? मंग झालं," तुळजाबाई म्हणायची. पण तिलाही ते लागलेलं होतं.

अशात तृप्तीकडून कळलं की प्रेमलाताईंनी, म्हणजे विहीणबाईंनी, जन्मात समुद्र पाहिलेला नाही. धर्मराजनं लगेच फोन लावला. चौघांनी मिळून कोकणात जावं, दापोलीला मुक्काम करावा, तिथून गावोगावचा किनारा पाहावा. नकार येणार याची त्याला खात्रीच होती. पण नरहरराव चक्क म्हणाले, "कोकणात ना? येऊ की."

धर्मराज हरखून गेला. "गाडी करू का?" असं जावयानं विचारलं, तर यानं त्यालाच गप्प केलं. "कशाला फालतू खर्चा? बायांना हाफ तिकीट, इवायाला हाफ तिकीट. समदा किनारा एष्टीनं बघू. जागेची फिकर माझ्यावर!"

निघताना तुळजाबाईनं फक्त एक अट घातली. "आवं, त्यो गमजा घरीच ऱ्हाऊ द्या. इवायासंगं चाललाव, बाजारला न्हाई." धर्मराजनं गमजा खुंटीला लावला, शर्ट पँटीत खोचला आणि खांदा उघडा पडल्यासारखा वाटत असतानाही दापोलीपर्यंत एका शब्दानं कुरकुर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघं दापोलीच्या स्टँडवर उभे होते. कर्द्याच्या किनाऱ्यावर जायचं ठरलं होतं. स्टँडवर इनमिन दहा माणसं, आणि त्यांतल्या कुणालाही कसलीच घाई दिसत नव्हती. धर्मराजला अशा स्टँडची सवय नसल्यामुळे तो अस्वस्थ झाला. एवढ्यात नरहररावांना मुतारीकडे जायचं झालं. त्यांनी हातातली छोटी कापडी पिशवी धर्मराजकडे दिली. "जरा धरा," एवढंच ते म्हणाले, तेही तोंडावर रुमाल धरून.

आणि तेवढ्यात एक गाडी हलली.

आता, वाटूर फाट्यावर हलणारी गाडी म्हणजे येणारी गाडी. स्टँडमधून हलणारी गाडी बाहेर चाललेली असते, हे जगातल्या शेंबड्या पोरालाही कळतं, पण धर्मराजच्या पायांना कळलं नाही. डोक्यानं काही ठरवायच्या आत ते पळायला लागले. हात सवयीनं खांद्याकडे गेला, तिथं गमजा नव्हता. मग हातात जे होतं तेच त्यानं नेम धरून तिसऱ्या खिडकीतून आत फेकलं.

"धरली!" तो ओरडला. "चला जल्दी, धरली जागा!"

गाडी त्याच्यासाठी थांबली नाही. धूळ उडवत ती फाटकातून बाहेर पडली, तेव्हा कुठं त्याला मागची पाटी वाचता आली. त्यावर केळशी असं लिहिलं होतं. कर्द्याची गाडी त्याच्या पाठीमागेच उभी होती, आणि तिच्यात एकही माणूस नव्हता. "या, बसा ना काका," त्या गाडीचा कंडक्टर शेंगा सोलत म्हणाला. "आख्खी गाडी आपलीच आहे."

नरहरराव परत आले आणि त्यांनी हात पुढे केला. धर्मराजनं घडलं ते सांगितलं. नरहररावांचा चेहरा पडला. ते बायकोच्या कानाशी लागले. प्रेमलाताई तुळजाबाईच्या कानाशी लागल्या. तुळजाबाईनं आधी डोळे मिटले, मग नवऱ्याला खांबामागे ओढलं.

"काय केलंत हो तुमी? इवायाचे दात होते त्याच्यात!"

"दात?"

"कवळी! वरची आन् खालची! गाडीत हिसके बसून हिरड्या दुखतेत म्हून डबीत काढून ठेवल्ती."

धर्मराजच्या पायाखालची फरशी सरकली. वर्षभर ज्या माणसाला घरी जेवायला आणायची आपली धडपड, त्याचेच दात आपण आपल्या हातानं केळशीला धाडले. नरहरराव रुमालाआड ताठ उभे होते. त्यांना रागानं दातओठ खायचे असते तरी आता निम्मी सामग्री हाताशी नव्हती.

चौकशीच्या खिडकीतल्या माणसानं सांगितलं की गाडी दुपारी परत येईल, बसून राहा. पण शरमलेल्या माणसाला बसवत नाही. "न्हाई, आपण मागच्या गाडीनं जाऊ," म्हणत धर्मराजनं केळशीच्या गाडीच्या कंडक्टरचा नंबर घेतला आणि तिघांना त्याच वाटेवरच्या आंजर्ल्याच्या गाडीत घातलं. यावेळी पाटी त्यानं दोनदा वाचली.

गाडी उतरणीला लागली, माडांच्या मधून निळा समुद्र दिसायला लागला. प्रेमलाताई "अगं बाई!" म्हणून खिडकीला चिकटल्या. नरहररावही रुमाल धरून बाहेर बघत राहिले. धर्मराज आपल्या चपलांकडे बघत होता.

"आवं, दर्या बघा की," तुळजाबाई म्हणाली. "त्याच्यासाठीच आलाव ना?"

"कोण्या तोंडानं बघू?"

हर्णैच्या अलीकडे त्याच्या फोनला रेंज आली आणि त्यानं कंडक्टरला फोन लावला. धर्मराजचा फोन स्पीकरवरच चालत असे, कारण नुसता कानाला लावून त्याला पलीकडचं ऐकू येत नसे. कंडक्टरचा आवाज गाडीभर घुमला. "हां हां, ते दात! तुमचे काय?"

"माझे न्हाईत!" धर्मराज घाईघाईनं ओरडला. "इवायाचे हायेत!"

सगळी गाडी वळून नरहररावांकडे बघू लागली. त्यांनी रुमाल नाकापर्यंत वर नेला.

"पिशवीतून डबी निसटून उघडली हो काका," कंडक्टर मोठ्यानं सांगत होता. "दोन्ही कवळ्या सीटवर उताण्या पडल्यात, छपराकडे बघून हसतायत. हर्णैला गाडी खच्चून भरली, माणसं दारात लोंबतायत, पण त्या सीटवर कोणी टेकायला तयार नाही. मीसुद्धा हात लावलेला नाही. तुम्ही असं करा, आंजर्ल्याला थांबा. येताना मी तिथं गाडी उभी करतो."

मागच्या सीटवर कुणीतरी फिसकन हसलं आणि मग हसू आवरण्याचं नाटकही कुणी केलं नाही. फोन खिशात ठेवताना धर्मराजला वाटलं, हाच समुद्र जरा वर येऊन आपल्याला घेऊन गेला तर बरं होईल.

आंजर्ल्याला चहाच्या टपरीपाशी ते वाट बघत बसले. उन्हं वर आली. तुळजाबाईनं घरून बांधून आणलेले धपाटे सोडले आणि मग तिच्या लक्षात आलं. तिनं टपरीवाल्याकडून वाटीभर दही मागून घेतलं. त्यात धपाटे अगदी बारीक कुस्करले, चिमूटभर मीठ टाकलं, काला केला आणि ती वाटी प्रेमलाताईंच्या हाती दिली. "ईनबाई, भाऊंना द्या. हे चावावं लागत न्हाई."

धर्मराजला ते बघवेना. तो पाठ करून एका माडाखाली उभा राहिला. लग्नानंतर व्याह्यांच्या तोंडी आपल्या घरचा पहिला घास जावा, आणि तो असा, दुसऱ्या गावच्या टपरीवर, तान्ह्या लेकराला भरवल्यासारखा. आता तृप्ती सासरी मान वर करून कशी वागेल? पाठीमागे वाटीत चमचा वाजत होता, तो बराच वेळ वाजत राहिला.

केळशीची गाडी आली ती खरोखरच खच्चून भरून. मासळीच्या टोपल्या, कॉलेजची पोरं, एक लग्नाचं वऱ्हाड. आणि डाव्या बाजूची तिसरी सीट रिकामी. तिच्याभोवती माणसं एकमेकांच्या पायांवर उभी होती. कंडक्टरनं वाट करून दिली. "सरका, सरका, मालक आले!" गाडीतली झाडून सगळी माणसं माना उंचावून बघत होती.

नरहररावांनी कुणाकडे न बघता दोन्ही कवळ्या उचलल्या, बाटलीतल्या पाण्यानं खिडकीबाहेर खळाखळा धुतल्या, पाठ फिरवली आणि तोंडात बसवल्या. मग ते बायकोला घेऊन त्या सीटवर बसले. धर्मराज दांडीला लोंबकळत मान खाली घालून उभा होता. सकाळपासून साठलेलं आता बाहेर पडणार, हे त्याला ठाऊक होतं.

"धर्मराजराव," नरहरराव म्हणाले. "जरा खाली वाका."

धर्मराज वाकला.

"त्या धपाट्यात काय होतं हो? तीळ?"

"जी?"

"वर्षभरात एवढं पोटभर मी जेवलो नाही." नरहररावांनी आवाज आणखी खाली आणला. "तुमच्याकडं यायचं मी टाळायचो, ते कळत होतं ना तुम्हाला?"

"कळत होतं. आमी शेतकरी मानसं, तुमचं शिकलेलं घर..."

"अहो कसलं शिकलेलं घर! भाकरी चावत नाही मला. ही कवळी बसली तेव्हापासून कडक काही तोंडात धरवत नाही. लग्नात तुम्ही आग्रह करत होता, माझ्या डोळ्यांत पाणी येत होतं. तुमच्या घरी यायचं आणि ताटातली भाकरी तशीच टाकून उठायचं, तुम्हाला काय वाटलं असतं? हुरड्याचं बोलावणं आलं तेव्हा तर मी घाबरूनच गेलो. सांगायची लाज वाटायची."

"मंग कोकणात यायला 'हो' कसं म्हणलाव?"

"इकडं तिन्ही त्रिकाळ भात असतो," नरहरराव ओशाळून म्हणाले.

धर्मराज बघतच राहिला. वर्षभर आपण या माणसाला गर्विष्ठ समजत होतो, आणि तो बिचारा हुरड्याला भीत होता. त्याला स्वतःची नव्यानं लाज वाटली, पण ही लाज सकाळच्यापेक्षा पुष्कळ हलकी होती. मग त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. समुद्र चांगला मोठा होता.

चार दिवसांनी सगळे जालन्याच्या स्टँडवर उतरले. नरहरराव आता रिक्षानं घरी जातील म्हणून धर्मराज निरोप घ्यायला वाकला, तर ते जागचे हलेचनात. तेवढ्यात वाटूरमार्गे मंठ्याला जाणारी गाडी आत शिरली आणि पन्नासएक माणसं तिच्यावर तुटून पडली. खिडक्यांतून टोप्या, रुमाल, पिशव्या आत जाऊ लागल्या. धर्मराज मात्र हाताची घडी घालून खांबासारखा उभा होता. दापोलीच्या स्टँडवर त्यानं मनोमन कानाला खडा लावला होता.

"अहो, बघत काय राहिलात?" नरहरराव म्हणाले. "चार जागा धरा. आम्ही पण येतोय वाटूरला."

"खरंच? पर... माझा गमजा घरी हाय."

नरहररावांनी पाठ फिरवली, रुमाल तोंडाशी नेला आणि पुन्हा वळले तेव्हा त्यांच्या हातात ती डबी होती. गाल आत गेलेले, डोळे मात्र लकाकत होते.

"वरची एका सीटवर, खालची दुसऱ्या," ते म्हणाले. "चार माणसं बराबर बसतात. आणि तुमच्याकडं मला कालाच खायचाय, तिथं दात लागतात कशाला?"

"आवं, नको!" तुळजाबाई ओरडली.

पण धर्मराज तोवर डबी घेऊन गाडीच्या बाजूनं पळत सुटला होता. पळता पळता त्यानं आधी पाटी नीट वाचली, मग डबीचं झाकण उघडलं आणि खिडकीवर नेम धरला.