शिर्केकाकांची गुडघेतपासणी

मॅच संपली की शिर्केकाका स्कोअर विचारत नसत. मुलींना ओळीत उभं करून ओरडत, "गुडघे!"

लंडनजवळच्या वॉटफर्डमधल्या आमच्या बारा वर्षांखालच्या मुलींच्या फुटबॉल टीमचे ते कोच. कमरेत वाकून एकेक गुडघा तपासायचे. चिखल असेल तर "नाद खुळा!" आणि स्वच्छ असेल तर "काय गं, पिकनिकला आलीवतीस?" एमिली, शार्लट या गोऱ्या पोरींनाही 'गुडघे' एवढा एक मराठी शब्द पाठ झाला होता. शेवटची शिट्टी झाली की त्या आपणहून "गुडगे, गुडगे" करत रांगेत यायच्या. कपडे धुणाऱ्या त्यांच्या आया मात्र काकांच्या नावाने खडे फोडायच्या.

काका मूळचे कोल्हापूरचे. तिशीत इकडे आले, जन्मभर बस चालवली, रिटायर झाले आणि गळ्यात शिट्टी अडकवली. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत "कॉलेजच्या टीमचे फुटबॉलपटू" अशी त्यांची ओळख करून दिली जाई, तेव्हा ते नेमके बुटाची नाडी बांधायला वाकत. मला तो विनय वाटायचा.

त्यांचा दुसरा हट्ट म्हणजे टीममधली प्रत्येक मुलगी प्रत्येक मॅच खेळलीच पाहिजे. हा हट्ट टीमला महाग पडे तो माझ्या लेकीमुळे. ईशा गुणी आहे, पण बॉल आला की सभ्यपणे बाजूला होऊन त्याला वाट देते.

त्या वर्षी आम्ही चक्क फायनलला पोचलो. शेवटची पाच मिनिटं, एक-एक बरोबरी, आणि ईशा अजून बाहेरच. मी लाज गुंडाळून काकांच्या कानाशी लागलो.

"काका, आज ईशाला राहू द्या. मीच सांगतोय ना."

"देशपांडे, तू तुझं सॉफ्टवेअर बघ," काका म्हणाले आणि ईशाला आत पाठवलं.

मी डोळे मिटणार तेवढ्यात समोरच्या टीमच्या एका धिप्पाड मुलीने शॉट मारला. आणि ईशा हलली नाही! बॉल तिच्या पोटावर आदळून बाहेर गेला, ती चिखलात पालथी पडली. लगेचच्या कॉर्नरवर आम्ही गोल खाल्ला तो खाल्लाच. फायनल हरलो.

आईबाप खुर्च्या गुंडाळायला लागले. काका मात्र ओरडले, "गुडघे!" ईशाचे गुडघेच काय, नाकसुद्धा माखलं होतं. "नाद खुळा!" म्हणताना काकांचा आवाज फाटला.

पुढच्या आठवड्यात टीमचे धुतलेले शर्ट द्यायला मी त्यांच्या घरी गेलो. भिंतीवर कॉलेजच्या टीमचा फोटो होता. मधे कप, सगळे खेळाडू चिखलाने बरबटलेले. कडेला तरुण शिर्केकाका, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या चड्डीत. गुडघे लख्ख.

"तीन वर्षं टीममध्ये होतो," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "एक मिनिट आत घेतलं नाही. कप जिंकला त्या दिवशीपण नाही. मंडळात चारचौघांत काय सांगू?"

त्या माणसाचा इतका अभिमान मला आधी कधी वाटला नव्हता.

त्याच फोटोशेजारी आमच्या हरलेल्या टीमचा नवा फोटो लावला होता. मधोमध माखलेली ईशा, तिच्या बाजूला ओल्या गवतात गुडघे टेकून बसलेले काका.

काकांनी फोटोतल्या स्वतःच्या मळलेल्या ट्रॅकसूटवर बोट ठेवलं.

"ह्यात माझे पण बघ," ते म्हणाले.