रहाळकरकाकांना मठबंदी

प्रति, मठ संरक्षण समिती. तसेच न्यायाची चाड असणारे समस्त मराठी वाचक.

अर्जदार: अस्मादिक, मुक्काम गेर्लिंगेन, जर्मनी, मायदेशी तहसील कचेरीबाहेर अर्जलेखनाचा प्रदीर्घ अनुभव. ज्यांच्यासाठी अर्ज: श्री. रहाळकर, निवृत्त अभियंता, विधुर. घटना: जून महिन्यातील एक रविवार, सकाळची वेळ. साक्षीदार: समितीच्या अध्यक्षा फ्राऊ लिंडनर, आणि मराठी मंडळाचे सभासद, जे आता आपण त्या दिवशी बर्लिनला होतो असे सांगतात.

सदर रहाळकरकाका एका भिंतीला 'अहो' म्हणतात, हे प्रथम नमूद करणे आवश्यक आहे.

ही भिंत आमच्या टेकडीवरील पडक्या मठाची. मध्ययुगात इंग्लंडहून आलेल्या संन्याशांनी तो बांधला, असे तेथील फलक सांगतो. पुढे मठ मोडला, संन्यासी पांगले आणि गावकऱ्यांनी दगड उचलून नेऊन आपापली घरे उठवली. उरली ती एक उंच भिंत, एक कमान आणि भोजनगृहाचे बिनछपराचे दालन. काका टेकडी चढून जातात, बूट काढतात आणि भिंतीला विचारतात, "अहो, बऱ्या आहात ना? थंडी फार नाही ना वाजली?"

मठाच्या संस्थापकाविषयी काकांना विशेष आत्मीयता आहे. "आपला पहिला ब्लू कार्डवाला!" इथल्या नोकरीच्या परवान्याचे नाव घेऊन ते अभिमानाने सांगतात. "त्या काळी परदेशी लोकांचं ऑफिस नव्हतं, म्हणून मठ बांधून तरी झाला. नाहीतर बिचारा अजून भेटीची टेर्मिन मिळायची वाट बघत बसला असता. गेनाऊ? बरोबर ना?"

सेवेत असताना काकांनी उभी हयात मोटारीच्या ब्रेकमधील एका लहानशा झडपेस वाहिली. स्वतःला मात्र त्यांना ब्रेक लावता येत नाही. आमच्या बेकरीवाल्यास त्यांनी गिऱ्हाइकांच्या देखत बजावले, की तुमची पायरी ही मठाची मालमत्ता आहे. तेव्हापासून ते त्या पायरीवर पाय न ठेवता लांब ढांग टाकून आत जातात आणि पाव घेऊन तसेच बाहेर येतात. एका वास्तुशांतीत, यजमान प्रसाद वाढत असताना, त्यांनी नव्या भिंतीवर टिचकी मारली व म्हणाले, "सिमेंट! आल्झो, म्हणजे बघा, चुना श्वास घेतो, सिमेंट गुदमरवतं. इथे तुम्हाला झोप लागायची नाही." त्यानंतर त्यांना वास्तुशांतीची आमंत्रणे येणे बंद झाले.

आता मूळ घटनेकडे वळतो. मायदेशी तरुण मंडळी रविवारी गडावर जाऊन झाडोरा काढतात, तट मोकळे करतात, दरवाजाला झेंडूचे तोरण बांधतात, हे आपण जाणताच. काकांच्या मनाने घेतले, की आपल्या मठाने काय पाप केले आहे? त्यांनी मंडळाच्या सभेत आवाहन केले. मंडळाने एकसारखे भगवे टी-शर्ट शिवून घेतले आणि उत्साहाच्या भरात परवानगी घेण्याचे तेवढे राहून गेले.

त्या रविवारी विळे चालले, घोषणा झाल्या, ढोलही वाजला. ज्या देशात रविवारी भिंतीत खिळा ठोकणेही असभ्य समजतात, तेथे हे घडले. दक्षिणेकडील भिंतीच्या पायथ्याचे सगळे रान उपटून तिला अगदी चकचकीत करण्यात आले. तोरण चढले, समूहछायाचित्र झाले. काका भिंतीला म्हणाले, "अहो, आता कशा दिसता! नव्या नवरीसारख्या."

ढोल ऐकून फ्राऊ लिंडनर सायकलवरून आल्या. त्यांनी तोरण पाहिले, ढोल पाहिला. मग त्या उपटलेल्या ढिगापाशी गेल्या आणि एक झुडूप हातात घेऊन खाली बसल्या. ते रान नव्हतेच. संन्याशांनी आपल्या औषधी वाफ्यात लावलेल्या झुडपांची ती वंशवेल होती. मठ मोडला तरी भिंतीच्या उबेला आपली आपण उगवत राहिलेली. "हेअर रहाळकर," त्या हळूच म्हणाल्या, "भिंत आम्ही तीनदा दुरुस्त केली आहे. त्या माणसांच्या हातचं असं एवढंच उरलं होतं."

दुसऱ्या दिवशी समितीचे फर्मान निघाले: श्री. रहाळकर यांस मठाच्या आवारात पाऊल ठेवण्यास मनाई.

मी तत्काळ अपिलाचा मसुदा मनात जुळवला. सद्हेतू, अनवधान, सांस्कृतिक भिन्नता, असे तीन भक्कम मुद्दे होते. काकांची जबानी घेण्यास पुढच्या रविवारी दुपारी गेलो, तर घराला कुलूप. ते टेकडीवर, कुंपणाबाहेरच्या बाकावर बसले होते. मांडीवर उघडा डबा. पोळी-भाजी तशीच.

"या वकीलसाहेब," ते म्हणाले. मी वकील नाही हे त्यांना ठाऊक आहे. तरी ते म्हणतात.

"काका, अपील करायचं. आपण जिंकतो."

"कशाला? बंदी बरोबर आहे. त्या बाईंच्या जागी मी असतो, तर जन्मठेप दिली असती."

"मग इथे का बसलात? ऊन बघा केवढं आहे. घरी जेवा ना."

त्यांनी कुंपणापलीकडच्या भोजनगृहाकडे बोट केले. "तिथे संन्याशांना जेवताना बोलायची बंदी होती, माहीत आहे? सगळे ओळीने बसायचे आणि गप्प जेवायचे. तुमची काकू गेल्यापासून मी रविवारी तिथेच जेवतो. लेक बर्लिनहून फोन करते, नातू 'हालो ओपा' म्हणतो आणि पुढे जर्मन सुरू. तो फोन ठेवला की घर फार शांत होतं हो. घरी एकटा गप्प जेवलो, की शिक्षा झाल्यासारखं वाटतं. तिथे बसलो, की वाटतं नियम पाळतोय. पंगतीत आहे."

मी जबानीचा कागद घडी करून खिशात ठेवला. माझे तिन्ही मुद्दे तेथे लागू पडत नव्हते.

सबब मठ संरक्षण समितीस सविनय विनंती, की अपराध मान्य आहे, बंदी कायम असावी, तथापि श्री. रहाळकर यांस रविवारी दुपारी भोजनगृहाच्या दालनात बसून डबा खाण्यापुरती मुभा मिळावी. ते काही उपटणार नाहीत, कोणास काही शिकवणार नाहीत, भिंतीशीही जेवण होईपर्यंत बोलणार नाहीत. या अटीची हमी मी देतो. उत्तर लेखी द्यावे, जर्मनमध्ये असले तरी चालेल. मात्र येत्या रविवारच्या आत द्यावे.