मन्मथअप्पांची हरकत

मन्मथअप्पांच्या भांड्यांच्या दुकानात एक पितळी परात होती आणि ती विकायची नव्हती. चांगली लग्नघरात कणीक मळायला काढावी एवढी मोठी, रोज चिंचेनं घासून लखलखीत केलेली. आतल्या भिंतीवर ती जराशी वाकडी टांगलेली असे. गिऱ्हाईक नेमकं तिच्याकडंच बोट दाखवी आणि अप्पा म्हणत, "ती सोडून बोला." लोकांना वाटे, वाडवडिलांची असेल. मला खरं कारण ठाऊक होतं, कारण माझं वह्या-पुस्तकांचं दुकान अप्पांच्या भिंतीला भिंत लावून होतं. भांडं काढायला अप्पा रस्त्याकडं पाठ करीत, तेव्हा त्या परातीत त्यांना समोरच्या गंगाशेटचं दुकान दिसे. तेवढा वेळसुद्धा नजर हटलेली त्यांना खपत नसे.

हा गंगाशेट देगलूरकडचा कोमटी वाणी. लातूर नवीन जिल्हा झालं, कचेऱ्या आल्या, जीपगाड्या आल्या, त्यांच्या पाठोपाठ हाही नशीब काढायला आला आणि बरोबर अप्पांच्या समोर प्लास्टिकचं दुकान टाकून बसला. घागरी, बादल्या, ड्रम, सगळं निळं-पिवळं. अप्पांकडं तांबं-पितळ. त्यात दुष्काळ पडला. कोसभरावरून पाणी आणायचं म्हटल्यावर बाई पितळेची घागर कशाला उचलते? ती घागर रिकामीच एवढी जड, की भरायच्या आधीच माणूस थकावा. गंगाशेटची प्लास्टिकची घागर पोर करंगळीला अडकवून नेई. लातूर तहानलं आणि गंगाशेटची चांदी झाली.

अप्पांचा पोटशूळ तेव्हापासूनचा. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, कमरेला स्वच्छ पांढरं धोतर आणि तोंडात एकच वाक्य, "त्याचं बरं हाय." गंगाशेटकडं गिऱ्हाईक आलं, त्याचं बरं हाय. गिऱ्हाईक नाही आलं, तर "निवांत बसून राहिला बगा, त्याचं बरं हाय." एकदा गंगाशेटची दाढ काढली. गाल फुगवून बिचारा गादीवर बसला होता, तर अप्पा म्हणाले, "एक दुखनं कमी झालं मास्तर. त्याचं बरं हाय."

पुस्तकं विकतो म्हणून बाजार मला मास्तर म्हणायचा. शिकवलं मी कधी कुणाला काही नाही.

नवीन जिल्हा म्हणजे नवीन हुकूम. रोज बाजारात कुठला तरी साहेब फिरून जाई आणि आठवड्याला एक नियम निघे. गाड्या कुठल्या बाजूनं यायच्या, हातगाडे कुठं लावायचे, दुकानापुढच्या फळ्या केवढ्या असाव्यात. बाकीचे दुकानदार नियम ऐकून स्वतःचा फायदा-तोटा बघत. अप्पा फक्त गंगाशेटचा बघत. स्वतःचं नुकसान झालं तर त्यांना चाले, अट एवढीच की समोरच्याचं एक वीत जास्त व्हावं.

टँकरचंच बघा. बाजारासाठी पाण्याचा टँकर सुरू झाला आणि तो उभा राहायचा गंगाशेटच्या दारात. बायकांची रांग लागे. अप्पांनी अर्ज केला, की समोरच्याच्या दारात टँकर उभा करणं हे एका व्यापाऱ्याला दिलेलं झुकतं माप आहे, सरकारनं इन्साफ करावा. अर्जावर पन्नासेक सह्या घेतल्या, त्यात माझीही होती. साहेबांनी विचार केला असेल, पाणी इकडं पडलं काय, तिकडं पडलं काय. दुसऱ्या सोमवारपासून टँकर अप्पांच्या दारात उभा राहिला.

अप्पा त्या दिवशी नवीन टोपी घालून बसले होते. रांग आली. रांगेतल्या प्रत्येक बाईच्या हातात गंगाशेटची घागर. निळी, पिवळी, हिरवी, नुसत्या प्लास्टिकची जत्रा अप्पांच्या पायरीवर मांडली गेली. समोरचं दुकान दिसेनासं झालं आणि त्याचा माल मात्र दारात येऊन बसला. एका म्हातारीनं तर अप्पांनाच विचारलं, "मालक, ह्याचं झाकन भेटतं का तुमच्याकडं?" अप्पांनी मुकाट्यानं समोर बोट दाखवलं.

आता खरं सांगतो. लोक अप्पांना हसत, मी मात्र जळत असे. अप्पांवर नव्हे, गंगाशेटवर. अख्ख्या बाजारात अप्पा हेवा करायचे तो एकाच माणसाचा, आणि तो माणूस मी नव्हतो. अरे, मी काय मेलो होतो? भिंतीला भिंत माझी! मी दुकानात नवीन पंखा बसवला. मुद्दाम अप्पांना बोलावून चालू करून दाखवला. ते दोन मिनिटं वाऱ्याला उभे राहिले आणि म्हणाले, "छान हाय मास्तर. हवा खावा." बस्स. जूनमध्ये शाळा उघडल्या की माझ्याकडं पाय ठेवायला जागा नसे, तेव्हा अप्पा येऊन मलाच वह्या बांधू लागत! 'मास्तरचं बरं हाय' एवढे तीन शब्द ऐकायला माझे कान आसुसले होते. ते सगळे गंगाशेटच्या वाट्याला. ज्याच्या दाढदुखीचासुद्धा कुणी हेवा करतं, त्याचं नशीब काय म्हणावं!

मग रस्ता रुंद करायचं निघालं. जिल्ह्याच्या ठिकाणी एवढा चिंचोळा बाजार शोभत नाही, असं साहेबांचं मत पडलं, आणि ते चूक नव्हतं. दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या की सारा बाजार गाडीवान होऊन 'मागं घे, मागं घे' ओरडू लागे. पण रुंद करायचा कुठल्या बाजूनं? आमच्या बाजूला विजेचे खांब आणि नवीन टाकलेली पाण्याची मोठी पाइपलाइन. म्हणून ठरलं, समोरची रांग कापायची. गेरूचा डबा घेऊन माणसं आली आणि खुणा करून गेली. गंगाशेटच्या दुकानाची खूण आत, मागच्या भिंतीवर पडली. त्या भिंतीच्या पलीकडं शाळेचं आवार, म्हणजे मागं सरकायला जागा नाही. दुकान पूर्णच जाणार होतं. बदल्यात त्याला गावाबाहेर, नवीन कचेऱ्यांकडं एक गाळा मिळणार होता.

आमच्या रांगेला वाटलं, आता अप्पा पेढे वाटणार. कापडवाला तर मुद्दाम येऊन म्हणाला, "अप्पा, मैदान मोकळं झालं तुमचं!" अप्पांनी त्याच्याकडं असं पाहिलं की तो आल्या पावली परत गेला. त्या आठवड्यात एका बाईनं तांब्या मागितला तर अप्पांनी तिला तवा काढून दिला. समोर गंगाशेट मान खाली घालून बसे. मी विचारलं तर म्हणाला, "तिकडं कोन येतंय मास्तर, नुसतं माळरान हाय. दोन महिने बघतो, न्हाईतर देगलूर."

हरकती ऐकायचा दिवस उजाडला. समोरच्या रांगेतले सगळे कचेरीत आले होते. आमच्या बाजूचे आम्ही तिघं-चौघं नुसती गंमत बघायला. साहेब समजूतदार होते, प्रत्येकाचं ऐकून घेत होते. गंगाशेटची पाळी आली, तर त्याला धड बोलताच येईना. हात जोडून नुसता उभा राहिला. तेवढ्यात मागून आवाज आला.

"माझी हरकत हाय!"

अप्पा उठले होते. साहेबांनी कागद चाळले. "तुमचं दुकान तर वाचलंय."

"म्हून तर हरकत हाय! ह्याला नवीन गाळा, नवीन शटर, वर सिमेंटची स्लॅब. त्याचं बरं हाय. अन मी काय गुन्हा केला? मी त्याच जुन्या पत्र्याखाली मरू?"

लोक हसले. साहेबही हसले. "मग तुम्हालाही गाळा पाहिजे का?"

"मला काय बी नको. त्यालाबी देऊ नका. जे कापायचं ते दोघांचं कापा. निम्मं त्याचं, निम्मं माझं."

"अहो, तुमच्या बाजूला पाइपलाइन आहे."

"पाइपात पानी कुठं हाय साहेब?"

सभागृह असं हसलं की शिपाई आत डोकावला. मीही हसलो. ते माझं त्या दिवसाचं शेवटचं हसू. कारण अप्पा पुढं सरकले आणि टेबलावर दोन्ही हात टेकून म्हणाले, "पाइपाला हात लावू नका. आमच्या रांगेचे ओटे बगा. एक बी ओटा आमच्या जागेत न्हाई. सगळे सरकारी नालीवर बांधलेत. माझा, मास्तरचा, कापडवाल्याचा. ते पाडा, तुमचा रस्ता निम्मा तर तिथंच झाला!"

ओटा म्हणजे दुकानदाराचा जीव. त्या ओट्यावर माझी दप्तरं टांगलेली असत, गिऱ्हाईक टेकत असे, संध्याकाळी मी स्वतः पाय सोडून बसत असे. त्याच्याखाली नाली होती हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, पण ते बोलायचं नाही हा बाजाराचा धर्म होता. बापाच्या पिढीपासून कुणी तो मोडला नव्हता. आणि हा माणूस, दुसऱ्याला गाळा मिळतो म्हणून, भर सभेत आम्हाला उघडं करून मोकळा झाला!

मापं झाली. अप्पांचं बोलणं तंतोतंत खरं निघालं. आमचे ओटे गेले, समोरच्या रांगेची फक्त पुढची पायरी आणि हातभर जागा गेली. गंगाशेट जिथल्या तिथं राहिला.

आमच्या रांगेनं अप्पांना वाळीतच टाकलं. चहाला बोलवेनात, नमस्काराला मान हलवेनात. मीही चिडलेलाच होतो. एके दिवशी न राहवून म्हणालोच, "अप्पा, त्याचं भलं होऊ नये म्हणून आमचा गळा कापलात." अप्पा हातातली पितळी चरवी पुसत राहिले. म्हणाले, "व्हय मास्तर. माझा स्वभावच नीच हाय." आणि पुन्हा समोर बघू लागले. यावर माणसानं भांडावं तरी कसं?

पुढं श्रावणात एका सकाळी मी दुकानावर आलो तर अप्पांचं दुकान बंद आणि अप्पा बाहेर पायरीवर, हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन बसलेले. समोर गंगाशेटचंही शटर खाली.

"उघडत का नाही, अप्पा?"

"त्यानं उघडलं न्हाई अजून."

"मग तुमचं काय अडलंय? आज सगळं गिऱ्हाईक तुमचं."

अप्पांनी समोरच्या बंद शटरकडं बघितलं. मग हळूच म्हणाले, "आमची ही गेली मास्तर, तवाचं घर खायला उठतं. एक लेक अहमदपूरला, एक जळकोटला. त्या आपल्या संसारात. सकाळी डोळा उघडला की वाटतं, उठायचं कशाला? मग आठवतं, त्यानं माझ्या आधी शटर उघडलं असंल. म्हून उठतो." त्यांनी किल्ल्या या हातातून त्या हातात घेतल्या. "तुम्ही जावा ना जरा त्याच्या घरी. मी गेलो तर त्याला वाटंल, अप्पा दुकान बंद बघून खूश झाला."

मी गेलो. गंगाशेट पांघरुणात कण्हत पडला होता. अंगात चांगला ताप. बायको उशाशी काढा घेऊन बसलेली. मला बघितल्याबरोबर तो कोपरावर उठला आणि त्यानं पहिला प्रश्न विचारला, "अप्पांनी उघडलं का?"

"नाही. बाहेर बसलेत."

"मंग काय घाई न्हाई," तो म्हणाला, आणि पांघरूण डोक्यावरून घेऊन शांत झोपला.

परत येऊन मी अप्पांना सांगितलं, त्याला ताप आहे, बायको काढा देतेय, उद्या येईल. त्यांनी मान हलवली, किल्ल्या कनवटीला खोचल्या आणि घराकडं चालू लागले. दहा पावलांवरून परत आले. "काढ्यात गवती चहा घाला म्हनावं. माझं नाव सांगू नका," असं बजावून पुन्हा गेले.

त्या दिवशी समोरचं बंद, शेजारचं बंद, माझं एकट्याचं उघडं. गिऱ्हाईकही बरंच आलं. मी मात्र दिवसभर गंगाशेटवर जळत बसलो.